बोटाखालचा संबळ

चाळीसगावपासून पारोळा-धुळ्यापर्यंत कुठेही लग्नसराईत जा, वरातीच्या पुढे एक गाडी असते. तिच्यावर जनरेटर, भोंगे, ऑक्टोपॅड आणि कीबोर्ड. कीबोर्ड कुठल्याही कंपनीचा असो, बोलण्यात तो कॅसिओच, आणि वाजवणारा कॅसिओवाला. त्याच्या डाव्या हाताखाली तीन पट्ट्या दाबल्या गेल्या की ढोलक, बास, गिटार, व्हायोलिनचा भरणा असं सगळं आपोआप सुरू होतं आणि उजवा हात अहिराणी गाण्याची चाल धरतो. या यंत्राला अरेंजर कीबोर्ड म्हणतात. त्यातला आवाज आणि ठेका, म्हणजे वादकांच्या भाषेत टोन आणि स्टाईल, कसे घडवले जातात हे पुढच्या प्रकरणांत पायरीपायरीने सांगितलं आहे. पण कृतीआधी भूमिका मांडणं भाग आहे, नाहीतर पुढचं सगळं नुसती बटणांची माहिती होऊन बसेल. माझं म्हणणं असं, की कीबोर्डमधला प्रत्येक आवाज हा कुणाच्या तरी कानाने घेतलेला निर्णय असतो. कुठला ढोल घ्यायचा, त्याचा कुठला आघात ठेवायचा, ठेक्यातली कुठली मात्रा किती मागे सोडायची, हे यंत्र ठरवत नाही, माणूस ठरवतो. खानदेशी गाण्यासाठी हे निर्णय आजवर खानदेशाच्या फार दूर होत आले. ते इथे घेता येतात आणि घ्यायला हवेत.

याचा सगळ्यात ठळक पुरावा एका यादीत सापडतो. १९८३ साली मिडी नावाची पद्धत आली आणि वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं एकमेकांशी बोलू लागली. १९९१ मध्ये जनरल मिडी हा करार झाला. कुठल्या क्रमांकावर कुठला आवाज हे त्याने ठरवून दिलं, म्हणजे एका यंत्रावर बांधलेलं गाणं दुसऱ्यावरही तसंच वाजावं. या यादीत १२८ सुरेल आवाज आहेत. आपल्याकडचे म्हणावेत असे त्यात दोन, सतार आणि सनई. तालवाद्यांचे ४७ आवाज वेगळे आहेत. त्यांत बोंगो आहे, कोंगा आहे, टिंबाले आहे, ब्राझीलची कुइकासुद्धा आहे, तीही दोन आघातांसह. तबला नाही, ढोलक नाही, ढोलकी नाही. यात कुणाचा कट नव्हता. यादी करणाऱ्यांच्या कानावर जे संगीत रोज पडत होतं, ते यादीत आलं. पण तिचा परिणाम फार लांबवर पोचला. पुढची कित्येक वर्षं स्वस्त कीबोर्ड विकत घेणाऱ्या आपल्या वादकांनी बोंगोवर केहरवा वाजवला आणि कोंगावर लावणीचा ठेका बसवला. ऐकणाऱ्यांच्या कानालाही तीच सवय लागली.

आता एक आवाज प्रत्यक्ष कसा घडतो ते जवळून पाहू. उदाहरण संबळाचं घेतो, कारण गोंधळापासून वरातीपर्यंत आपल्याकडे त्याची गरज सतत पडते. संबळ म्हणजे जोडीने बांधलेली दोन वाद्यं, एक चढ्या आवाजाचं, एक घुमणारं. दोन्ही काड्यांनी वाजतात आणि घुमणाऱ्या बाजूच्या काडीचं टोक वाकडं असतं. हा आवाज कीबोर्डमध्ये आणायचा तर ‘संबळ’ नावाचं एकच ध्वनिमुद्रण करून भागत नाही. चढ्या बाजूचा मोकळा आघात, दाबलेला आघात, कडेवरचा आघात, घुमणाऱ्या बाजूचा मोकळा, दाबलेला, काडी टेकवून घुमवलेला, दोन्ही एकदम, असे किमान दहा आघात वेगळे धरावे लागतात. प्रत्येक आघात हलका, मध्यम, जोरकस आणि कडाडून अशा चार ताकदींनी वाजवून घ्यायचा, कारण जोर वाढला की आवाज नुसता मोठा होत नाही, त्याचा रंगच बदलतो. हलक्या आघातात कातडं ऐकू येतं, जोरकस आघातात भांडं बोलू लागतं. शिवाय प्रत्येक ताकदीचे तीन तीन नमुने हवेत, म्हणजे तोच आघात लागोपाठ आला तर हुबेहूब तोच आवाज पुन्हा ऐकू येत नाही. कान या बाबतीत फार तिखट असतो. दोन आघात अगदी सारखे आले की तो लगेच ओळखतो, हे यंत्र आहे. दहा आघात, चार ताकदी, तीन नमुने, मिळून १२० तुकडे झाले. सेकंदाला ४४,१०० नमुने या नेहमीच्या दर्जाने, एका वाहिनीवर, एक सेकंदाचा तुकडा सुमारे ८८ हजार बाइटचा होतो. सगळे १२० तुकडे मिळून जेमतेम साडेदहा एमबी. २०१९ साली आलेल्या यामाहाच्या पीएसआर-एसएक्स ७०० मध्ये बाहेरून भरायच्या आवाजांसाठी ४०० एमबी जागा आहे आणि एसएक्स ९०० मध्ये १ जीबी. जागेचं कारण सांगून संबळ टाळण्याचे दिवस गेले.

तुकडे मिळाल्यावर खरं काम सुरू होतं. प्रत्येक तुकड्याची सुरुवात काडी कातड्याला लागते त्या क्षणी कापावी लागते. दहा मिलिसेकंद आधी कापलं तर ठेका आळशी वाटतो, थोडं उशिरा कापलं तर काडीचा टणत्कार जातो आणि संबळाचा डबा होतो. मग येतं आवाज गिळण्याचं काम. वादक मोकळ्या आघातानंतर दाबलेला आघात देतो तेव्हा आधीची घुमक त्याच्या काडीखाली मरते. कीबोर्डमध्ये ती आपोआप मरत नाही. दोन्ही आवाज एकमेकांवर चढतात आणि चिखल होतो. त्यासाठी मोकळा आणि दाबलेला आघात एकाच गटात बांधावे लागतात, म्हणजे एक वाजला की दुसरा थांबतो. पाश्चात्त्य ड्रमसेटमध्ये उघड्या आणि मिटलेल्या झांजेसाठी ही सोय फार पूर्वीपासून आहे. आपल्या ढोलकी-संबळासाठी ती वापरायचं लक्षात ठेवावं लागतं, इतकंच. ढोलकीच्या धुमेवर तळहात सरकवून जो आवाज वर चढवला जातो, डग्ग्यावर मनगटाने जो घिस्सा काढला जातो, त्याची गोष्ट आणखी वेगळी. तिथे सूर काळाबरोबर कसा वळतो याची रेघ आखावी लागते आणि ही रेघ तबलजी शेजारी बसल्याशिवाय बरोबर येत नाही. ती आकड्यांनी नीट आखलेली असूनही खोटी वाटू शकते.

स्टाईलचं शास्त्र याहून गुंतागुंतीचं आहे, आणि परक्या कानाचा निर्णय सर्वांत खोल तिथेच दडलेला असतो. यामाहाच्या पद्धतीत एका स्टाईलमध्ये आठ भाग असतात: तालाचे दोन, बास, कॉर्डचे दोन, एक पॅड आणि फ्रेजचे दोन. प्रोग्रॅमर हे सगळं एका ठरावीक कॉर्डवर, बहुधा सी मेजर सेव्हन्थवर, मुद्रित करतो. नंतर वादकाने डाव्या हाताने जी कॉर्ड धरली असेल तिच्यानुसार यंत्र प्रत्येक सूर हलवतं. मेजरची मायनर केली की गांधार कोमल होतो, मूळ सूर बदलला की सगळं त्यामागे सरकतं. ही रचना पाश्चात्त्य गाण्याला छान बसते, कारण तिथे गाणं कॉर्डच्या चालीवर उभं असतं. पण आखाजीच्या सणाला झोक्यावर म्हटलेलं गौराईचं गाणं किंवा कानबाईचं गाणं एका षड्जावर उभं असतं. समजा, साक्री-नवापूरकडच्या पावरीचा एक तुकडा फ्रेजच्या भागात भरला. पावरी म्हणजे दुधी भोपळा आणि बांबूच्या नळ्यांचं फुंकवाद्य. वादकाचा श्वास अखंड चालू असतो आणि चालीखाली एक सूर सतत धरलेला असतो. आता वादकाने डाव्या हाताने कॉर्ड बदलली की यंत्र ‘मदत’ म्हणून पावरीचे सूर हलवून टाकतं. जे वाजतं ते पावरीच्या आवाजातलं भलतंच काही. उपाय यंत्रातच आहे: त्या भागाला मूळ सूर स्थिर ठेवण्याचा नियम लावायचा आणि सूर बदलणारा तक्ता बंद ठेवायचा. बटणं दोनच, पण ती का दाबायची हे पावरी ऐकलेल्या माणसालाच कळतं. कंपनीने दिलेल्या तयार रचनेत ती दाबलेली नसतात, कारण रचना करणाऱ्याच्या मनात कॉर्ड होती, पावरी नव्हती.

लयीचंही तसंच. मिनिटाला १२० मात्रांची लय धरली तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची, आणि तिचे चार भाग केले तर प्रत्येक भाग १२५ मिलिसेकंदांचा. प्रोग्रॅमिंगचं सॉफ्टवेअर वाजवलेले आघात या रेघांवर आणून बसवण्याची सोय देतं. त्याला क्वांटाइझ म्हणतात, आणि घाईत काम करणारा ते डोळे मिटून वापरतो. वरातीत नाचवणारा ठेका मात्र या रेघांवर बसत नाही. त्यातला एक आघात पंधरा-वीस मिलिसेकंद मागे रेंगाळतो, पुढचा किंचित घाई करतो, आणि पाय उचलला जातो तो या ओढीमुळे. मात्रेचे ४८० भाग करणारं सॉफ्टवेअर घेतलं तर या लयीत एक भाग जेमतेम एका मिलिसेकंदाचा पडतो. म्हणजे ही ओढ जशीच्या तशी नोंदवण्याइतकी बारीक मोजपट्टी यंत्रात आहे. ती वापरायची की सगळं सरळ रेघेवर आणायचं, हा पुन्हा कानाचाच प्रश्न. या मुलखात लयीची मोजणी नवी नाही. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त गायत्री छंदाच्या सहा अक्षरी चरणाचे लघु-गुरूंनी किती प्रकार होतील असा प्रश्न आहे, एका चरणाचे ६४ आणि चारही चरणांचे मिळून १,६७,७७,२१६. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण्याचाच. आठशे वर्षांपूर्वीचं ते गणित आजही चोख आहे, आणि त्याची मर्यादाही आजच्या प्रोग्रॅमरला रोज भेटते. सर्व प्रकारांचा प्रस्तार गणिताने मांडता येतो. त्यातला कुठला म्हणण्यासारखा आणि तो कसा म्हणायचा हे म्हणणाऱ्याच्या तोंडी असतं.

यावर पहिला आक्षेप बाजाराचा येतो. खानदेश हा जगाच्या नकाशावर एवढासा. त्याच्यासाठी कुठली कंपनी संबळ आणि पावरी मुद्रित करत बसणार? या आक्षेपाला इतिहास उत्तर देतो. अरबी संगीतात पाव सुरांची गरज असते, ती बारा समान पट्ट्यांच्या कीबोर्डवर भागत नव्हती. अरब देशांतल्या वादकांनी ती सतत मागितली आणि कंपन्यांनी ओरिएंटल म्हणून वेगळी मॉडेलं काढली, पट्टीचा सूर चटकन खालीवर करण्याची सोय दिली. भारतासाठीही असं घडलं आहे. कॅसिओने सीटी-एक्स ८०००आयएन आणि ९०००आयएन ही मॉडेलं काढली, यामाहाने पीएसआरची ‘आय’ मालिका काढली आणि तिच्यातल्या आय ५०० मध्ये तंबोरा-तबल्यासह सरावाची ‘रियाज’ ही सोय दिली. मागणी ऐकली जाते, यात शंका नाही. पण भारतीय म्हणून जे दिलं जातं त्यात तबला, ढोलक, सतार, तंबोरा पुढे असतात, म्हणजे शास्त्रीय मैफल आणि हिंदी सिनेमा. वहीगायन, गोंधळ, पावरी तिथे पोचत नाहीत. तिथवर कंपनीने यावं अशी वाट पाहत बसण्याचीही गरज नाही. बाहेरचे आवाज भरण्याची सोय असलेली यंत्रं आता आपल्या वादकांकडे आहेत, ऑक्टोपॅडचे पॅच आणि कीबोर्डच्या स्टाईली पेन ड्राइव्हवर आणि मोबाइलवर गावोगाव फिरतात, त्यांची खरेदी-विक्री होते. म्हणजे हा उद्योग इथे उभा आहे. त्याला हवी आहे ती चांगल्या मुद्रणाची आणि शिस्तीची जोड. आपल्याकडे परकं यंत्र स्वतःचं करून घेण्याची परंपराही आहे. ज्याला आपण बेंजो म्हणतो तो मूळचा जपानचा ताइशोगोतो, नागोयात १९१२ साली तयार झालेला. महाराष्ट्राने त्याला पिकअप लावला, ॲम्प्लिफायरला जोडला, मिरवणुकीत आणला, आणि आज बेंजो पार्टी म्हटल्यावर कुणाला जपान आठवत नाही.

दुसरा आक्षेप जाणकारांचा आहे आणि तो मला जास्त मोलाचा वाटतो. पट्टीवर सूर ठोकळेबाज असतो. त्यात मींड नाही, श्रुती नाही, मग त्यात लोकसंगीत कसं मावणार? हा वाद कीबोर्डच्या फार आधीचा. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने याच कारणासाठी हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती तीन दशकं टिकली. त्याच्याही आधी सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी उत्तर शोधलं होतं. देवल सरकारी नोकरीत डेप्युटी कलेक्टर. त्यांनी अब्दुल करीम खाँ यांच्यासारख्या गवयाच्या सुरांवर मोजमापं घेतली, १९१० साली बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिलं, आणि ई. क्लेमेंट्स या इंग्रज अधिकाऱ्याच्या साथीने श्रुती-हार्मोनियम घडवून आणला. त्यांच्या आकड्यांवर भातखंड्यांसारख्यांनी जोरदार हरकत घेतली, आणि ते वाद्य रुजलं नाही. तरीही देवलांच्या कामाची एक बाजू मला फार महत्त्वाची वाटते. पट्टी कुठे लावायची हे ठरवण्यासाठी ते आधी गाणाऱ्याकडे गेले. आजच्या अरेंजर कीबोर्डमध्ये सप्तकातला प्रत्येक सूर सेंटच्या मापाने खालीवर करता येतो. शंभर सेंट म्हणजे एक पट्टी. देवलांना ज्यासाठी खास वाद्य घडवावं लागलं ते आता मेनूतल्या एका पानावर आहे. पावरीचे सूर प्रत्येक वाद्यागणिक थोडे वेगळे असतात. ते आधी मोजायचे आणि त्या आवाजाबरोबर तशी पट्टी साठवून ठेवायची. मींडेचंही तसंच आहे. मुंबईच्या चरणजित सिंग यांनी १९८२ साली ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ हा संग्रह केला तेव्हा त्यांच्यापुढे रोलँडची टीबी-३०३ होती, बास गिटारची जागा घेण्यासाठी बनवलेली. तिच्यात एका सुरावरून दुसऱ्यावर घसरण्याची जी सोय होती ती त्यांनी रागाच्या कामाला लावली. यंत्राला राग ठाऊक नव्हता, वाजवणाऱ्याला होता. मर्यादा उरतेच, हे मी मान्य करतो. गळ्याची बरोबरी पट्टी करणार नाही. पण जेवढं शक्य आहे तेवढंही न करता मर्यादेकडे बोट दाखवणं मला पटत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे. संबळाचा इतका हुबेहूब आवाज कीबोर्डमध्ये भरला तर संबळ वाजवणाऱ्या गोंधळ्याला कोण बोलावणार? एका गाडीवरचे दोन वादक आज सहा-सात जणांचं काम करतात, हे डोळ्यांनी दिसतं. त्यामुळे हा प्रश्न हसण्यावारी नेणारा माणूस मला या विषयात विश्वासाचा वाटत नाही. तरी दोन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतील. एक, यंत्राने वादकाची जागा घेतली ती खोट्या आवाजाने. खरा आवाज न घडवल्याने गेलेली जागा परत मिळालेली नाही, उलट संबळ कसा वाजतो हेही नवी पिढी विसरत चालली. दुसरी गोष्ट हक्काची. ठेका कुणाच्या मालकीचा नसतो, पण मुद्रित केलेला आघात हा ध्वनिमुद्रण असतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने ध्वनिमुद्रणाला संरक्षण दिलं आहे आणि १९९४ च्या दुरुस्तीने सादर करणाऱ्या कलावंतालाही त्याच्या सादरीकरणावर हक्क दिला. आज पेन ड्राइव्हवर फिरणाऱ्या पॅचमध्ये वादकाचं नाव नसतं, मोबदला तर लांबच. म्हणून या पुस्तकात मुद्रणाच्या कृतीआधी वादकाशी करायच्या लेखी कराराचं पान घातलं आहे: किती मोबदला, आवाज विकला गेला तर त्यातला किती वाटा, आणि पॅचच्या नावात वादकाचं नाव. ‘संबळ १’ या नावाने आवाज साठवू नये, असा माझा आग्रह आहे. काही आवाज तर घेऊच नयेत, निदान विचारल्याशिवाय. डोंगऱ्या देवाच्या उत्सवातली पावरी ही तो उत्सव करणाऱ्या लोकांची पूजा आहे. तिचा तुकडा कापून वरातीच्या गाडीवर चढवण्याचा अधिकार मुद्रणयंत्र हातात आहे म्हणून कुणाला मिळत नाही.

आणखी एक शंका अभ्यासकांकडून येते. एक संबळ मुद्रित झाला आणि तोच सगळीकडे वाजू लागला की गावोगावचे वेगळे संबळ पुसले जातील. छापखान्याने बोलींचं केलं तसं. शंका रास्त आहे. तिला उत्तर म्हणून एकाऐवजी अनेक संबळ मुद्रित करावेत, आणि ते करणारी माणसं वेगवेगळ्या गावची असावीत. कंपनीच्या स्टुडिओत हे होत नाही, कारण तिला एकच सर्वांना चालणारा आवाज हवा असतो. चाळीसगावात, शिरपुरात, साक्रीत बसलेल्या प्रोग्रॅमरला त्याची सक्ती नाही. एक बऱ्यापैकी मायक्रोफोन, लॅपटॉप, गोधड्या टांगून शांत केलेली खोली, आणि वाद्य ओळखणारा कान असला की त्याच्या गावचा संबळ त्याच्या गावच्या नावाने राहतो. अहिराणी स्वतः गावागणिक थोडी बदलते. तिच्या ठेक्यानेही तसंच बदलावं.

पुस्तकाची सुरुवात संबळाच्या दाबलेल्या आघातापासून केली आहे. मोकळा आघात कुणालाही मुद्रित करता येतो, तो स्वतःच घुमतो. दाबलेल्या आघातात वादक आवाज थांबवतो, आणि तो नेमका किती वेळात थांबला हे मोजण्यासाठी पहिल्या धड्यात वाचकाने यंत्र बंद ठेवून, संबळ वाजवणाऱ्याच्या शेजारी बसून, तो एकच आघात पन्नास वेळा ऐकायचा आहे.